एक गुंज, एक मासा, अडीच तोळे

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत मिलिग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा एक तराजू आहे. गेल्या महिन्यात मुलं घरी गेल्यावर मी त्यावर एक गुंज ठेवली. आईच्या जुन्या डबीतली, लाल, टोकाला काळा ठिपका असलेली. तराजूनं 118 मिलिग्रॅम दाखवले. सोनाराच्या हिशेबात गुंज साधारण 121 मिलिग्रॅमची, 8 गुंजांचा एक मासा, 12 माशांचा एक तोळा. तोळा म्हणजे जुना, 11.66 ग्रॅमचा. आता बाजारात 10 ग्रॅमला तोळा म्हणतात, तो नव्हे.

गुंज तोलायची वेळ आली ती माझ्या लेकीमुळे. तिला दिवस गेलेत, तिसरा महिना आहे. घरात येणारी प्रत्येक बाई तिला सांगते, ‘आता दोन जिवांची आहेस, दोघांचं जेवत जा.’ सांगणारीच्या पोटात माया असते, म्हणून कुणाला तोडून बोलवत नाही. पण दोघांचं म्हणजे नेमकं किती? एक भाकरी जास्त की चार? मी विज्ञान शिकवते, त्यामुळे वही घेऊन हिशेबाला बसले. आणि आकडे दोन टोकांना पळायला लागले. पोटात चाललेलं काम मोजायला घेतलं तर शून्यं कागदावर मावेनात. त्या कामाला बाहेरून लागणारा माल मोजायला घेतला तर त्यातला सगळ्यात मोलाचा भाग सोनाराच्या तराजूत मावला.

आधी काम बघू.

सुरुवात होते ती एका फलित पेशीपासून. तिचा व्यास एक दशांश मिलिमीटर, वजन एका मायक्रोग्रॅमच्या थोडं आत. म्हणजे अशा दहा लाखांहून जास्त पेशी एकत्र केल्या तर कुठे एक ग्रॅम भरेल. नऊ महिन्यांनी तिथे तीन किलोचं बाळ असतं. वजन सुमारे 400 कोटी पट वाढतं. आपल्याकडे बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट सांगतात, पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, आणि राजाचं कोठार रिकामं. त्या पटाच्या तेहतिसाव्या घरात 429 कोटी दाणे येतात. बाळ जन्माला येतं तेव्हा ते साधारण त्या तेहतिसाव्या घरात उभं असतं. वजनाची 32 वेळा दुप्पट झालेली असते. हाच वेग आणखी नऊ महिने टिकला असता, तर त्या बाळाचं वजन सव्वा कोटी टनांच्या पुढे गेलं असतं. 2021-22 च्या विक्रमी हंगामात महाराष्ट्रातल्या सगळ्या कारखान्यांनी मिळून सुमारे 137 लाख टन साखर तयार केली होती. साधारण तेवढं.

मेंदूचं काम तर याहून वेगळ्याच गतीनं चालतं. मोठ्या माणसाच्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी चेतापेशी असतात आणि मोठ्या मेंदूच्या सालीतल्या बहुतेक सगळ्या जन्माआधीच तयार होतात. गर्भारपणाच्या सगळ्या मिनिटांवर ते काम सारखं वाटलं तर मिनिटाला सरासरी अडीच लाख पेशी, असा एक जुना अंदाज आहे. ही ओळ वाचायला तुम्हाला सहा-सात सेकंद लागले असतील. तेवढ्यात 25 हजार.

आणि वार. बाळंतपणानंतर आपण जिला पुरून टाकतो, आणि जिच्याकडे कुणी धड बघतही नाही, ती वार. वीतभर रुंदीची, अर्ध्या किलोची चकती. तिच्यातल्या बाळाच्या केशवाहिन्या एकापुढे एक जोडल्या तर लांबी सुमारे 550 किलोमीटर भरते. मुंबई ते नागपूर समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे, त्याच्या तीन चतुर्थांशाहून जास्त. तो रस्ता बांधायला किती वर्षं आणि किती यंत्रं लागली ते आपण पाहिलं. हा रस्ता नऊ महिन्यांत होतो, वापरला जातो आणि काम झालं की टाकून दिला जातो. त्याच्या पलीकडच्या बाजूनं आईचं रक्त येतं. एरवी गर्भाशयाकडे मिनिटाला 50 मिलिलिटरच्या आसपास रक्त जातं, दिवस भरत आले की ते 600-700 मिलिलिटरवर जातं. दिवसाला 900 लिटर. पाणीटंचाईत आपण दारात 200 लिटरची पिंपं लावून ठेवतो ना, तशी साडेचार पिंपं, रोज. अर्थात तेच पाच-सहा लिटर रक्त पुन्हा पुन्हा फिरत असतं, पण फिरवावं तर लागतंच. त्या बाईला दोन जिने चढून धाप लागली तर ‘आमच्या वेळी आम्ही नऊ महिने दळण दळत होतो’ असं कुणी म्हणू नये.

आता माल.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी 2004 साली दिलेल्या हिशेबाप्रमाणे, बाईचं वजन गर्भारपणात 12 किलोंनी वाढत असेल तर सगळ्या काळात मिळून जास्तीची ऊर्जा लागते 77,000 कॅलरी. (स्वयंपाकघरातली कॅलरी, म्हणजे शास्त्रातली किलोकॅलरी.) आकडा ऐकायला मोठा आहे. पण एक किलो ज्वारीत साधारण 3,500 कॅलरी असतात. भागून बघा. 22 किलो ज्वारी. वर वर्णन केलेलं सगळं, ती चारशे कोटी पट वाढ, ते 550 किलोमीटर, ती रोजची साडेचार पिंपं, सगळं 22 किलो ज्वारीत. दिवसाला 80 ग्रॅम पिठाची एक भाकरी. मी हा भागाकार तीनदा केला.

तीही रोज नाही. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला फक्त 85 कॅलरी जास्त, म्हणजे एक केळं. मधल्या तीन महिन्यांत 285. शेवटच्या तीन महिन्यांत 475, म्हणजे एक भाकरी, वाटीभर वरण आणि पेलाभर दूध. आपल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2020 मध्ये दिवसाला 350 कॅलरी जास्त घ्या असं सांगितलं, तेही याच आसपास. प्रथिनं मधल्या तिमाहीत दिवसाला साडेनऊ ग्रॅम जास्त, शेवटच्या तिमाहीत 22 ग्रॅम जास्त. दोन अंडी, वाटीभर घट्ट वरण आणि पेलाभर दूध घेतलं की 22 ग्रॅम भरतात.

म्हणजे पहिल्या महिन्यांत, जेव्हा तिला पाण्याचा घोटही पचत नाही आणि सासू-आई दोघी काळजीनं ताट भरत असतात, तेव्हा तिच्या पोटातल्या जिवाला केळ्याएवढीच जास्तीची ऊर्जा हवी असते. लेकीला मी हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा सैल झाला. तीन आठवडे ती स्वतःला अपराधी समजत होती.

मग अडचण कुठे आहे? अडचण आहे ती माशात आणि गुंजेत.

मासा म्हणजे लोह. बाळ आणि वार मिळून घेतात सुमारे 300 मिलिग्रॅम, आईच्या वाढलेल्या रक्ताला लागतात 500, आणि रोजच्या झिजेत जातात 200 च्या वर. बेरीज एक ग्रॅम. सोनाराचा मासा 0.97 ग्रॅमचा. अख्ख्या गर्भारपणाला एक मासा लोखंड. एका खिळ्यात याहून जास्त असतं.

पण त्या माशात अणू किती? 1 वर 22 शून्यं, आणि थोडे वर. 280 दिवसांच्या सेकंदांवर ते वाटले तर दर सेकंदाला सुमारे 450 लाख कोटी अणू. देशाचं अंदाजपत्रक आपण लाख कोटींत ऐकतो, त्या मापात. एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे 27 कोटी रेणू असतात, प्रत्येकात लोहाचे चार अणू, म्हणजे एका पेशीला 108 कोटी अणू. त्या 500 मिलिग्रॅममधून आईच्या अंगात सुमारे 5 लाख कोटी जास्तीच्या तांबड्या पेशी उभ्या राहतात. एरवी अस्थिमज्जा सेकंदाला वीस लाखांच्या आसपास तांबड्या पेशी बनवतच असते. त्यावर या आणखी सेकंदाला दोन लाख, नऊ महिने, झोपेतसुद्धा.

आणि हा एक मासा ताटातून अंगात शिरता शिरत नाही. भाकरी, डाळ, पालेभाजी यांतलं लोह हट्टी असतं. आपल्या जेवणातल्या लोहाचे शंभरातले आठ-दहा भागच रक्तात पोचतात. बाकी धान्याच्या कोंड्यातली फायटेटं धरून ठेवतात. जेवणावर लगेच चहा घेतला तर शोषण निम्म्याहूनही खाली जाऊ शकतं. लिंबू पिळलं तर वाढतं. लिंबाची फोड ही ताटातली शोभेची वस्तू नाही, हे मी शाळेत दरवर्षी सांगते आणि दरवर्षी डब्यांत लिंबू नसतं. सरकारी लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं, चौथ्या महिन्यापासून 180 दिवस रोज एक. 180 गुणिले 60 म्हणजे 10.8 ग्रॅम. गिळायचे अकरा मासे, तेव्हा आत एक जाणार. हिशेब अगदी चोख बसवलेला आहे. त्यातल्या तीस गोळ्या खाऊन थांबलं की तो कोलमडतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या 44 टक्के बायकांनी निदान शंभर दिवस गोळ्या घेतल्या होत्या. 180 दिवस घेणाऱ्या फक्त 26 टक्के. आणि त्याच पाहणीत गरोदर बायकांपैकी 52.2 टक्के रक्तक्षय झालेल्या. गोळीनं मळमळतं, शौचाला काळं होतं, घट्ट होतं. हे खरं आहे, आणि ते आधी न सांगता गोळ्यांचं पाकीट हातात ठेवणं चूक आहे. सांगितलं तर बाई सहन करते.

गुंज म्हणजे फॉलिक आम्ल. यावर मी जरा थांबणार आहे, कारण ही गोष्ट आपल्या मुंबईत सुरू झाली.

1928 मध्ये ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. परळच्या हाफकिन संस्थेत तिनं काम केलं. मुंबईच्या कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायका एका भयंकर रक्तक्षयानं मरत होत्या. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोजक्या आणि नको तेवढ्या मोठ्या असत. विल्सनं त्यांच्या घरची ताटं पाहिली, जेवण निकस होतं. तिनं माकडांना तसाच आहार दिला, माकडांनाही तोच रक्तक्षय झाला. मग एका माकडाला मार्माइट दिलं. बिअर बनवताना उरणाऱ्या यीस्टचा हा काळपट, खारट लगदा इंग्लंडात पावाला लावून खातात. माकड सुधारलं. गिरणीतल्या बायकाही सुधारल्या. 1931 मध्ये तिनं हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापलं. यीस्टमध्ये काहीतरी आहे एवढंच तिला ठाऊक होतं. त्या अनामिक पदार्थाला पुढे बरीच वर्षं विल्सचाच घटक म्हणत. ज्या बायकांच्या रक्तातून तो सापडला त्यांची नावं मी शोधली, मला मिळाली नाहीत.

पदार्थ हाती यायला आणखी दहा वर्षं लागली. 1941 साली अमेरिकेत टेक्सासमध्ये मिचेल, स्नेल आणि विल्यम्स या तिघांनी त्यासाठी पालक घेतला. किती? चार टन. त्यातून चिमूटभर पदार्थ निघाला. पानातून आला म्हणून लॅटिनमधल्या ‘पान’ या शब्दावरून त्याला फॉलिक आम्ल हे नाव पडलं. चार टन पालक म्हणजे आपल्या भाजीबाजारातला एक ट्रक जुडीजुडीनं भरून. पुढे 1945 च्या सुमाराला अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या बनवलं गेलं, आणि त्या कामाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्यांचे दोन भाऊ तरुणपणी स्प्रू नावाच्या संग्रहणीनं गेले होते. फॉलिक आम्ल त्या रोगावरही लागू पडलं.

त्या आम्लाची गरोदर बाईला रोजची मात्रा 400 मायक्रोग्रॅम. 280 दिवसांचे 112 मिलिग्रॅम. माझ्या तराजूवरच्या 118 मिलिग्रॅमच्या गुंजेपेक्षाही कमी. म्हणजे सबंध गर्भारपणाचं फॉलिक आम्ल एका गुंजेच्या पलीकडे जात नाही. (खरी गुंज मात्र विषारी असते, मुलांच्या हाती द्यायची नाही.) तरी एका दिवसाच्या त्या 400 मायक्रोग्रॅममधले रेणू पृथ्वीवरच्या 800 कोटी माणसांना वाटले, तर प्रत्येकाच्या वाट्याला पावणेसात कोटी येतील. एवढे लागतात, कारण पेशी दुभंगताना प्रत्येक वेळी नवा डीएनए लिहावा लागतो आणि त्या लिखाणाची एक शाई हे आम्ल पुरवतं. शाई संपली की पेशी फुगते, पण दुभंगत नाही. गिरणीतल्या बायकांच्या पेशी मोठ्या का होत्या, ते इथे कळतं.

आणि वेळ बघा. गर्भधारणेनंतर 28व्या दिवसापर्यंत बाळाची मज्जानलिका, जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात, ती दोन्ही टोकांना मिटलेली असावी लागते. तेव्हा तो जीव मुगाच्या दाण्याएवढा असतो. नलिका उघडी राहिली तर ती पुढे कशानंही मिटत नाही. 1991 साली सात देशांतल्या 33 केंद्रांमध्ये झालेल्या चाचणीचे निष्कर्ष आले. ज्या बायकांच्या आधीच्या बाळात असं व्यंग होतं, त्यांना गर्भधारणेआधीपासून फॉलिक आम्ल दिलं तर ते व्यंग पुन्हा होण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलं. त्या बायकांना मात्रा नेहमीच्या दसपट होती, ती डॉक्टरच ठरवतात. पण 28व्या दिवशी बहुतेक बायकांची पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. कुणाला शंका आलेली असते, कुणाला नसते. पहिली तपासणी, पहिलं कार्ड, पहिली गोळी या सगळ्याच्या आत ती नलिका मिटून गेलेली असते, किंवा उघडी राहून गेलेली असते. डोहाळजेवण सातव्या महिन्यात करतो आपण. करावं, हौसेनं करावं. पण ज्या जेवणाची खरी घाई असते ते लग्नानंतरच्या साध्या दिवसांतलं असतं, जेव्हा नव्या सुनेच्या ताटात मेथी, चाकवत, तांदुळजा, पालक, शेवग्याचा पाला यांतलं काही आहे का हे बघायला कुणी बसलेलं नसतं. आणि भाजी उकळून पाणी ओतून दिलं तर ते आम्ल मोरीत जातं. झाकण ठेवून, थोड्या पाण्यात, लवकर.

अडीच तोळे म्हणजे कॅल्शियम. जन्मताना बाळाच्या हाडांत 30 ग्रॅमच्या आसपास असतं आणि त्यातलं ऐंशी टक्के शेवटच्या तीन महिन्यांत आईकडून जातं. रोज पाव ग्रॅमहून जास्त. आईनं खाल्लं नाही तर तिच्या हाडांतून. 100 ग्रॅम नाचणीत 340-360 मिलिग्रॅम असतं. कोकणातल्या आणि घाटावरच्या म्हाताऱ्या गरोदर बाईला नाचणीची आंबील का देत, ते सांगायला आता आकडे आहेत.

ताटातला नेमका कोणता घास बाळापर्यंत पोचतो, हेही महाराष्ट्रात मोजलं गेलंय. 1993 मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रानं डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. त्या बायकांचं सरासरी वजन 42 किलो होतं. बाळांचं सरासरी 2.7 किलो, इंग्लंडातल्या साउदम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. दोन बाळांत 800 ग्रॅमचा फरक, पण कातडीखालची चरबी मात्र पुण्याच्या बाळांनी त्या मानानं राखलेली. स्नायूंनी आणि अवयवांनी बारीक, चरबीनं लठ्ठ. मधुमेहाचं बी तिथे पडतं, असं हा अभ्यास सांगतो. आईच्या जेवणातल्या एकूण ऊर्जेचा बाळाच्या वजनाशी फारसा संबंध लागला नाही. संबंध लागला तो हिरव्या पालेभाज्यांशी, फळांशी आणि दुधाशी. जी आई या गोष्टी वरचेवर खात होती तिचं बाळ मोठं होतं. भाताची दुसरी मूद वाढून काम होणार नाही, हे त्या सहा गावांनी दाखवलं.

मग 2006 पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत ‘सरस’ नावाचा प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीनं 6,513 बायका दोन गटांत वाटल्या. एका गटाला गर्भधारणेच्या आधीपासून रोज पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ, दुसऱ्या गटाला यांपैकी काही फारसं नसलेला खाऊ. पहिल्या खाऊत सुमारे 165 कॅलरी. दोन-तीन घासांचं काम. सगळ्या बायका धरल्या तर बाळांच्या वजनात ठामपणे सांगावा असा फरक पडला नाही, हे आधी सांगायला हवं. पण ज्यांनी दिवस जाण्याच्या निदान तीन महिने आधी खायला सुरुवात केली त्यांची बाळं सरासरी 48 ग्रॅमनी जड भरली, चार तोळ्यांनी. आणि गर्भारपणातला मधुमेह दुसऱ्या गटात 12.4 टक्क्यांना झाला, पालेभाजीच्या गटात 7.3 टक्क्यांना. ही दुसरी ओळ वाचून मी उभी राहिले होते.

आता हिशेब देशाचा. भारतात वर्षाला सुमारे 2 कोटी 30 लाख बाळं जन्मतात, मिनिटाला 44. त्या सगळ्या आयांना गर्भारपणात लागणारं फॉलिक आम्ल एकत्र केलं तर 2.6 टन. एका टेम्पोत बसेल. सगळ्यांचं लोह 23 टन, दोन ट्रक. कॅल्शियम 690 टन, मालगाडीचे बारा डबे. आणि जास्तीची सगळी ऊर्जा ज्वारीत मोजली तर पाच लाख टन. 2022-23 मध्ये देशात सुमारे 3,300 लाख टन अन्नधान्य पिकलं. म्हणजे साडेसहाशे पोत्यांमागे एक पोतं. देशातल्या सगळ्या गरोदर बायकांना हे जास्तीचं घालायला, साडेसहाशेतलं एक.

एवढंच. आणि तरी शंभरातल्या बावन्न जणींच्या अंगात रक्त कमी. म्हणजे माल कमी पडत नाही, तो शेवटच्या चार फुटांत अडतो. चुलीपासून तिच्या ताटापर्यंतच्या. अंगणवाडीच्या नियमाप्रमाणे गरोदर बाईला दिवसाला 600 कॅलरींचा पूरक आहार मिळायला हवा. गरजेहून हे जास्तच आहे. पण घरी नेलेलं पाकीट घरात सगळ्यांचं होतं, त्याची सगळ्यांसाठी लापशी होते, आणि भांडं तिच्याकडे येतं तेव्हा त्यात खरवड असते. महाराष्ट्रानं 2015 पासून आदिवासी भागात अमृत आहार योजनेत शिजवलेलं गरम जेवण अंगणवाडीतच द्यायला सुरुवात केली. यामागचं शहाणपण मला फार मोठं वाटतं. तिथे बाई बसून जेवते. तिचं ताट तिचंच असतं.

एक आकडा राहिला. पोटात मुलगी असेल तर पाचव्या महिन्यात तिच्या इवल्या बीजकोशांत 60 ते 70 लाख स्त्रीबीजं तयार झालेली असतात. जन्मापर्यंत 10 ते 20 लाख उरतात, पुढे नवी होत नाहीत. म्हणजे गरोदर बाईच्या ताटावर तीन पिढ्या जेवत असतात. आणि उपासाची खूण किती काळ टिकते हेही मोजलं गेलंय. नेदरलँड्समध्ये 1944-45 च्या हिवाळ्यात नाकेबंदीमुळे माणशी रेशन हजार कॅलरींच्याही खूप खाली गेलं. गर्भ राहण्याच्या सुमाराला ज्यांच्या आयांनी ती उपासमार सोसली, त्यांच्या डीएनएवरच्या रासायनिक खुणा साठ वर्षांनीसुद्धा त्यांच्या भावंडांपेक्षा वेगळ्या निघाल्या. 2008 साली हा निष्कर्ष छापून आला.

माझा जन्म 1973 च्या ऑगस्टचा. त्याआधीचा उन्हाळा बहात्तरच्या दुष्काळाचा. मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती, त्यांत माझी आई होती, पाझर तलावाच्या कामावर, डोक्यावर पाट्या, पोटात मी. त्याच दिवसांत माझ्यातली ती बीजं होत असणार, आणि त्यांतल्या एकाची माझी लेक झाली. आईला परवा विचारलं, तेव्हा काय खायचीस? म्हणाली, मिलो ज्वारीची लाल भाकरी, मिरची, आणि कामावर मूठभर सुकडी मिळायची. ‘ती तरी खायचीस का?’ ‘निम्मी. निम्मी पदराला बांधून आणायचे, तुझ्या दादाला.’

रविवारी जावई आणि हे ताटावर बसणार, तेवढ्यात आईनं दोघांना थांबवलं. लेकीला आधी बसवलं, भाकरी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, वरण, दही, लिंबाची फोड वाढली, आणि स्वतः समोर पाटावर बसून राहिली. लेक म्हणाली, ‘आजी, सगळे थांबलेत.’ आई म्हणाली, ‘थांबू देत. लिंबू पिळ.’